सवतीचा टाक

सायखेड्याच्या पुढं, नदीच्या वळणावर, द्राक्षबागेत तो दगडी बंगला एकटाच उभा होता. आसपास ना घर, ना वस्ती. माडीवरची मागची खोली कायम कुलपात. मालक भिमाजीची पहिली बायको चिमणाबाई विहिरीत पडून मेली आणि त्या खोलीत वावरते, असं घरात सगळेच मानायचे. म्हणून दुसरेपणावर आलेल्या गोजराबाईच्या गळ्यात रिवाजाप्रमाणे सवतीचा टाक, म्हणजे मेलेल्या बायकोच्या नावानं घडवलेला चांदीचा ठसा होता. पहिला घास टाकाला दाखवायचा, मग आपण जेवायचं. दोन बाळंतपणं वाया गेली, तीही सवतीच्याच माथी मारली गेली.

एक लेक तेवढी जगली, लता. एकोणऐंशी साली तिच्यासाठी स्थळं बघायला लागले, आणि मनगटावर पांढरा डाग उमटला. सवतीनं धरलंय पोरीला, भिमाजी म्हणाला. गावात चाललेला हरिनाम सप्ताह उठला की तिला त्या खोलीत ठेवायचं. लोकांना सांगायचं, सिन्नरला मामाकडं गेली.

गोजराबाई सप्ताहाला गेली ती, सवतीला शांत कर, असं साकडं देवाला घालायला. कीर्तनाआधी बायका महाप्रसादाचे तांदूळ निवडत होत्या. ती वाकली तसा टाक पदराबाहेर आला. शेजारी लासलगावहून आलेली एक बाई होती, तोंडाहातावर कोड. कुणाचा गं हा, तिनं विचारलं. गोजराबाईनं सगळं सांगितलं. बंगला, विहीर, सवतीचं नावसुद्धा.

बाईचा हात सुपातच थांबला.

"चिमणाबाई मीच की," ती म्हणाली. "डाग उठला तसं त्याच खोलीत कोंडलं मला. मग एक दिवस गाडीत घालून लासलगावला सोडलं. परत आलीस तर विहिरीत ढकलीन म्हनाले." मग टाकाकडं बघून हसली. "इतकी वर्षं जेवू घातलंस म्हनतीस, बाई. एक घास पोचला नाय बघ."

गोजराबाईच्या अंगाचा भडका उडाला. रोज समोर बसून तो माणूस तिला टाकापुढं घास धरताना बघत होता, आणि भाजी वाढ म्हणत होता.

तिनं चिमणाबाईचा हात धरला आणि थेट बंगला गाठला. बागेतले गडी कामं सोडून बघायला लागले. भिमाजीचा चेहरा उतरला. आत चला, आत बोलू, एवढंच तो पुटपुटला. चिमणाबाई पायरी चढली नाही.

"तुमचं घर नको मला," ती म्हणाली. "पोरगी कुठं हाय?"

पोरगी माडीवर होती. सप्ताह उठायचीही वाट त्यानं पाहिली नव्हती. गोजराबाईनं कुऱ्हाडीनं कुलूप फोडलं आणि लताला दंडाला धरून खाली आणलं. भिमाजी आडवा आला, घराण्याच्या अब्रूचं बोलू लागला.

"अब्रूच कोंडा त्या खोलीत," गोजराबाई म्हणाली. "कुलूप तेवढं नवं आणा."

त्या संध्याकाळी तिघी मांडवात पुढंच बसल्या. बायका वळून वळून बघत होत्या. बुवा क्षमेवर फार गोड बोलले. गोजराबाईचा कीर्तनावर भारी जीव, पण आज तिनं टाळी धरली नाही. देवा, दुसरं काहीही माग, ती मनात म्हणाली, हे तेवढं मागू नको.