थर्मासातली गोळी

गळ्याशपथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा! खोटं निघालं तर माझे उरलेले चार दात आत्ता पडोत!

घड्याळजी थर्मासात बर्फ भरत होता. बर्फावर एक गोळी, वर झाकण. आत बायको अशी घोरत होती की खाली दुकानातली बंद घड्याळंसुद्धा टोले देत होती. त्याने चपला हातात घेतल्या आणि मागच्या जिन्याने सटकला.

गोळ्या त्याच्याच. रक्तात चरबी एवढी, की नर्स म्हणाली, "काका, यावर चार घड्याळं तेलावाचून चालतील." डॉक्टरांनी लोणी, तळलेलं बंद केलं. वर पोटासाठी ही गोळी दिली. चांगले जंतू, तेही जिवंत! फ्रिजमध्येच ठेवायचे.

"विकत आणून जंतू गिळायचे?" बायको म्हणाली होती. "तुमच्या पोटात जागा तरी आहे का, अहो?"

त्याच आठवड्यात पोस्टमनने धाकट्या भावाची खबर आणली. लांबलेला ताप, कडक औषधं, पोटाची पार वाट. इतका वाळला होता की वारा सुटला की खिशात हातोडी ठेवून बसायचा. त्यालाही हीच गोळी लिहून दिलेली. पण आणायला माणूस नाही, ठेवायला फ्रिज नाही. राहायला टेकडीवर, दोनशे पायऱ्या चढून.

आणि त्याचं नाव घरात काढायची सोय नव्हती. अकरा वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर त्याने वहिनीच्या सुपाला भांडी धुतलेलं पाणी म्हटलं होतं.

"त्याने इथे यायचं नाही, आपण तिथे जायचं नाही," बायकोने बजावलं होतं.

तीन महिने, रोज दुपारी, दोनशे पायऱ्या.

"दादा, वहिनीला कळलं तर?"

"आधी गीळ. मग घाबर."

बर्फाचा साचा मात्र कधी रिकामा सापडला नाही. फ्रिज गुणी आहे, असं घड्याळजीला वाटे.

मग रिपोर्ट आला. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"चरबी निम्म्यावर! नुसत्या गोळ्यांनी एवढं होत नाही. चालता का रोज?"

"छे! घरातून दुकानात, दुकानातून घरात."

बोलता बोलता त्याने पाय खुर्चीखाली ओढले. चपलांचे तळ झिजून कागद झाले होते. शेजारी बसलेल्या बायकोने चपलांकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

घरी परतताना ती म्हणाली, "उद्या मोठा थर्मास न्या."

"कुठे?"

"लहानात सूप मावत नाही."

घड्याळजी भर रस्त्यात उभा राहिला. ती पुढे चालत राहिली.

बरं बाई, एक गोष्ट रचलेली. पडला एखादा दात तर पडो. बायको घोरत होती म्हणाले ना? मी जन्मात घोरले नाही. ह्यांची पावलं जिना उतरेपर्यंत डोळे मिटून पडायची, आणि मग उठून साच्यात पाणी भरायची.