सैल कडी

मी जुनी आहे, काळी आहे आणि माझी एक तार वाकडी आहे. मासे भाजायची जाळी म्हणजे मी. दोन चौकोनी पाने, एका बाजूला बिजागरीने जोडलेली, आणि दुसऱ्या बाजूला दोन लांब दांडे. वही मिटावी तसा मासा माझ्यात मिटायचा आणि निखाऱ्यांवर धरायचा, एवढेच माझे काम. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर आधी नाक मुरडाल. खुशाल मुरडा. पण माझी हकिगत तेवढी ऐका, कारण माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तारकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. पक्ष्यांचे पिंजरे, उंदरांचे सापळे, दिव्यांची आवरणे, काय वाटेल ते तो करायचा. त्याने माझ्या दांड्यांवर तारेची एक गोल कडी सरकवली. दांडे जवळ आणून कडी पुढे ढकलली की मी मिटलेली राहत असे, पण घट्ट नाही. माझी मालकीण मला विकत घ्यायला आली तेव्हा तिने आधी ती कडीच हलवून पाहिली.

"ही सैल आहे हो."

"मुद्दाम सैल ठेवलीय, बाई. मऊ मासा आवळलात तर तारा त्याच्यात रुतणार, आणि उघडायला जाल तेव्हा निम्मा मासा हिच्याच अंगाला राहणार. नुसतं धरायचं, दाबायचं नाही."

बाईंनी मान हलवली आणि मला पिशवीत टाकले. त्यांनी हे वाक्य आयुष्यभर लक्षात ठेवले. दुर्दैवाने त्या वेळी त्यांचे यजमान बरोबर नव्हते.

यजमान कुलपे दुरुस्त करायचे. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचे दुकान होते. भिंतीभर किल्ल्या, टेबलावर कानशी, एका डोळ्याला लावायचे भिंग. सगळी गल्ली त्यांना किल्लीवाले म्हणायची. हात सोन्याचा, पण स्वभाव भारी उतावळा. काहीही बंद दिसले की उघडून पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नसे. डब्याचे झाकण असो, भाताचे पातेले असो, नाहीतर बायकोने ओट्यावर झाकून ठेवलेले काहीही असो. धंदाच तसा, त्याला ते तरी काय करणार? कामात मात्र त्यांचा एक नियम होता. नवी किल्ली केली की ती कुलपात तीनदा फिरवून बघायचे. एकदा फिरली तर नशीब, दोनदा फिरली तर योगायोग, तीनदा फिरली तर किल्ली, असे म्हणून मगच ती गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचे.

मी घरात आल्यावर आठ दिवसांतच त्यांची नजर माझ्या कडीवर पडली. "हे काय लोंबतंय? असं काम आपल्या घरात?" झाले. चार संध्याकाळी खपून, अंगठा कापून घेऊन, त्यांनी माझ्या दांड्यांना एक पोलादी खटका बसवला. कडी काढून फेकून दिली. खटका दाबला की 'टक' असा आवाज व्हायचा आणि मी अशी मिटायची की माझ्यातून धूरसुद्धा जायला कचरायचा. त्यांनी मला दोन्ही हातांनी बायकोपुढे धरले. चेहरा असा फुलला होता की बाईंच्या तोंडातून काही उलटे निघणे शक्यच नव्हते.

"छान झालाय हो," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी तो खटका कधीही लावला नाही.

मित्रांनो, बाईंचे मासा भाजणे मी जवळून पाहिले आहे, माझ्याइतके जवळून कुणी पाहिले नसेल. आधी त्या मासा जुन्या सुती फडक्याने पुसायच्या, पोटातून, शेपटीखालून, अगदी कोरडा होईपर्यंत. मग तेलाचे बोट फिरवायचे ते माशावर आणि माझ्यावरही. मला रिकामीच निखाऱ्यांवर धरून चांगली तापवायची आणि मगच मासा आत ठेवायचा. दोन्ही दांडे मुठीत, फडक्यात गुंडाळून, पकड हलकी. त्यांची लेक तेव्हा लहान होती, शेजारी उकिडवी बसून बघायची. सारखे विचारायची, "झाला का? उलटायचा का?"

"थांब गं. कातडं आधी चिकटतं, मग आपणच सुटतं. मधे घाई केली की फाटतं." मग त्या मला किंचित हलवायच्या. आत मासा जागचा हलला, की एकदाच उलटायच्या. झाल्यावर आधी वरचे पान अलगद सुटे करायचे, मग खालचे, आणि गरम असतानाच मासा ताटलीत सरकवायचा. अख्खा. डोक्यापासून शेपटीपर्यंत.

आणि खटक्याचे काय? बाहेरच्या खोलीतून यजमान कान देऊन असायचे. म्हणून बाई मासा आत ठेवला की चिमट्याने दांड्यावर हळूच मारायच्या. टक. बाहेर किल्लीवाले खूश. लेक तोंडावर हात दाबून हसायची.

"बाबांना सांगू नकोस हं. त्यांना वाईट वाटेल."

असा तो टक वीस वर्षे चालला. घरी आलेल्या पाहुण्यांना किल्लीवाले अभिमानाने सांगायचे, "मासा मोडत नाही, कारण खटका माझा आहे." मीही या लबाडीत सामील होते आणि मला त्याचे काहीच वाटत नसे. उलट मजा वाटायची. आज वाटते, तेव्हाच कुणीतरी हसत हसत त्यांना खरे सांगायला हवे होते. हसत सांगितले असते तर ते हसलेच असते.

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या.

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. मागच्या अंगणात कपडे धुण्याच्या दगडापाशी एका खिळ्याला मी लटकत राहिले. अंगावर पाण्याचे शिंतोडे उडायचे. मला गंज चढला. वर्षभरात लेकही दूरच्या शहरात नोकरीला गेली, लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत. तिने दुकान पुढे चालवावे अशी किल्लीवाल्यांची फार इच्छा होती. लहानपणी तिला मांडीवर बसवून, तिच्या डोळ्याला भिंग लावून ते कुलपे वाचायला शिकवायचे. "हे बघ, लोखंड कधी खोटं बोलत नाही. जिथं रोज हात लागतो तिथं चकाकी येते. जिथं लागत नाही तिथं काळं राहतं." अशा तयार केलेल्या लेकीने जायचे म्हटल्यावर त्यांना ते लागले. जाताना काहीतरी टोचून बोलले. मग दोन वर्षे फोनवर नुसते 'बरी आहेस ना' आणि 'हो' एवढेच.

आणि एके दिवशी तिने कळवले की रविवारी दुपारी जेवायला येते.

किल्लीवाले त्या सकाळी बाजारात गेले, मऊ मासा घेऊन आले आणि मला खिळ्यावरून काढले. लेकीला आईच्या हातचा मासा आवडायचा, तोच करून घालायचा असे त्यांनी मनाशी ठरवले होते. मला इतका आनंद झाला की काय सांगू! पण त्यांनी मला घाईघाईने घासले, गंज अर्धा गेला, अर्धा राहिला. मासा धुऊन ओलाच माझ्यात ठेवला. मला तापवले नाही, तेल लावले नाही. आणि मोठ्या विश्वासाने आपला खटका दाबला. टक.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मासा आत असताना मी पूर्ण मिटले. माझ्या तारा माशात रुतल्या. लेक दारात आली तेव्हा ते मला तिसऱ्यांदा उघडून बघत होते. झाला का, झाला का. प्रत्येक वेळी थोडे कातडे माझ्याकडे राहत होते. चौथ्यांदा उघडले तेव्हा मासा मधोमध फाटला आणि निम्मा निखाऱ्यांत पडला. मला तो सोडायचा होता, अगदी मनापासून. पण मी धरून बसले. हीच माझी चूक.

किल्लीवाले लालबुंद झाले. लाज वाटली की त्यांना राग यायचा.

"तासभर उशीर केलास. वेळेवर आली असतीस तर असं झालं नसतं!"

"गाडीला उशीर झाला, बाबा. मी काय करू?"

"तुला घरी यायलाच उशीर होतो."

लेक उन्हातून, अर्ध्या दिवसाचा प्रवास करून आली होती. तिचाही तोल गेला.

"उशिरानं नाही मोडला. त्या खटक्यानं मोडला. आई तो कधी लावायचीच नाही! चिमट्यानं टक करायची. वीस वर्षं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

बोलून गेल्यावर तिला कळले, पण तोवर शब्द निघून गेला होता. किल्लीवाल्यांनी चिमटा खाली ठेवला.

"जा," ते निखाऱ्यांकडे बघत म्हणाले. "परतीची गाडी चुकेल तुझी."

ती न जेवता गेली. दारापर्यंत जाऊन एकदा थांबली होती. त्यांनी मान वर केली असती तर ती परत फिरली असती, हे मला तिच्या पायांवरून कळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

ती गेल्यावर त्यांनी मला दुकानाच्या टेबलावर ठेवले आणि डोळ्याला भिंग लावले. दांड्यांवर, जिथे बाईंची मूठ असायची, तिथे गंजाखालीही बोटांची चकाकी होती. खटक्याचे तोंड मात्र त्या दिवसाचा एक ओरखडा सोडला तर काळेकुट्ट, कोरे. लोखंड खोटे बोलत नाही. त्यांनी भिंग काढले आणि डोळे पुसले. मग माझ्या तारांना चिकटलेले माशाचे तुकडे एकेक करून काढले आणि खाल्ले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खटका कापून टाकला. तारेची एक गोल कडी वळली आणि माझ्या दांड्यांवर सरकवली. सैल. मला कानशीने, काचकागदाने घासून लख्ख केले आणि मासळीवालीकडे गेले.

"मासा चिकटतो. काय करू?"

"पुसता का आधी? न्हाऊ घातलेलं पोर पुसतात तसं पुसायचं," ती म्हणाली. "आणि सारखं उघडून बघू नका."

हे दुसरे त्यांना फार जड गेले. पुढच्या रविवारी मासा मोडला. त्याच्या पुढच्याही. शेजारच्या मांजराचे दिवस पालटले, ते अंगाने दुप्पट झाले. किल्लीवाले एक हात पाठीमागे धरून बसायचे, उघडायचा मोह होऊ नये म्हणून. ओठ हलायचे, "थांब, थांब." स्वतःलाच सांगत असायचे. कितीतरी रविवार असे गेले. आणि एका रविवारी आत मासा जागचा हलला. त्यांनी वरचे पान सुटे केले, मग खालचे. मासा अख्खा ताटलीत उतरला. मित्रांनो, त्या उतारवयातल्या माणसाने घरात कुणी नसताना टाळी वाजवली.

मला वाटले, आता फोन करतील. फोन उचललाही होता. मग ठेवला. "एकदा निघाला तर नशीब," ते पुटपुटले. तीनदा अख्खा निघाल्याशिवाय लेकीला बोलवायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते.

दुसरा रविवारही साधला. दुसरा मासाही अख्खा निघाला.

मला तेलाच्या फडक्यात गुंडाळून त्यांनी फळीवर ठेवले. त्या आठवड्यात शुक्रवारी, दुकानात काम करता करता, ते टेबलावर डोके टेकून गेले. हातात कुणाची तरी किल्ली होती.

लेक आली. सगळे आटोपल्यावर घर आवरताना तिने फळीवरचे फडके उलगडले. खटका नाही, हे तिला लगेच दिसले. तिने टेबलावरचे भिंग उचलून डोळ्याला लावले आणि माझी कडी बोटावर फिरवली. कडी आतून आरशासारखी चकाकत होती. एका रविवारची ती चकाकी नव्हती. किती वेळा ती मागेपुढे सरकली असेल, हे वाचायला तिला बाबांनीच शिकवले होते. ती तिथेच जमिनीवर बसली.

रविवारी ती बाजारात गेली. मासळीवालीने तिच्याकडे बघितले.

"तू त्यांची लेक ना? नाक तेच आहे. दर रविवारी न्यायचे गं. मी म्हणायची, अहो मोडका तर मोडका, बोलवा की पोरीला. तर म्हणायचे, तीनदा अख्खा निघाला की बोलावतो. दोन झाले होते."

लेकीने मासा कोरडा पुसला. मला तापवले. कडी सरकवली आणि थांबली. हलवून पाहिले, एकदाच उलटले. मी आयुष्यात कधी सोडला नसेल इतक्या अलगद तो मासा सोडला.

"तीन झाले, बाबा," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

आता मी तिच्या घरी असते, दूरच्या शहरात. ती मला गरम असतानाच पुसते, तेल लावते, कोरड्या जागी ठेवते. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल. तिला पाण्यात टाकून ठेवू नका, आवळू नका, सारखी उघडून पाहू नका. एवढे केलेत तर मासा मोडणार नाही. पण मित्रांनो, तरीही मोडलाच कधी, तर मोडू दे. ज्याला जेवायला बोलवायचे आहे त्याला त्याच दिवशी बोलवा. मोडलेला मासा गरम असताना तितकाच चांगला लागतो. त्या दिवशी किल्लीवाल्यांनी माझ्या तारांवरचे तुकडे खाल्ले, तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. चव उत्तम होती. फक्त समोर कुणी नव्हते.