मोठी विहीर की मोरीजवळची?

मी एक जुनी फाईल आहे मित्रांनो, संगणकातली. माझ्या पोटात गावातल्या विहिरींच्या पाण्याचे आकडे आहेत.

मला घडवलं ते रसायनशास्त्राच्या एका बाईंनी. उन्हातान्हात त्या बाटल्या घेऊन विहिरी पालथ्या घालत, प्रयोगशाळेत पाणी तपासत आणि आकडे माझ्यात भरत. विहिरीचं नाव लिहायला वेळ कुठला? नुसतं ‘का’, ‘पा’, ‘मो’. तेव्हा त्यांना सगळं तोंडपाठ होतं.

माझं कौतुकही झालं. सहकारी म्हणाले, “बाई, हे खुल्या संग्रहात ठेवा. कुणालाही शोधता येईल, वापरता येईल.”

“आधी माझा लेख छापून येऊ दे,” बाई म्हणाल्या. “आयत्या बिळावर नागोबा पुष्कळ असतात.”

लेख अर्धाच राहिला. बाई निवृत्त झाल्या. मी ‘नवीन अंतिम’ अशा नावाने त्यांच्या संगणकात पडून राहिले.

पुढे बाईंची भाची त्याच गावावर संशोधन करू लागली. तिथल्या मुलांचे दात पिवळे पडत होते, हाडं दुखत होती. कोणतं पाणी कधीपासून बिघडलं, हे तिला हवं होतं. तिने खुले संग्रह धुंडाळले, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. जुने आकडे कुठेच नव्हते. काखेत कळसा नि गावाला वळसा! प्रबंध तसाच अपुरा गेला.

एकदा मावशीचा संगणक साफ करताना तिने मला उघडलं आणि मावशीला हाक मारली.

“मावशी, एका विहिरीत दात-हाडं बिघडवणारं विष पहिल्यापासून वाढत गेलंय. हे ‘मो’ म्हणजे कोणती गं?”

मावशींनी चष्मा पुसला. “मोठी विहीर असेल. नाहीतर मोरीजवळची.” मग पडद्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, “तेव्हा माहीत होतं गं मला.”

“मोठ्या विहिरीचं पाणी शाळेत जायचं, मावशी. आता दोन्ही बुजल्यात, तपासणार कसं?”



आता मी खुल्या संग्रहात आहे. भाचीने मला नीट नाव दिलं, प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहिला. ‘मो’पुढे मात्र लिहिलं आहे: ‘नक्की माहीत नाही.’ दूरदूरचे अभ्यासक मला उघडतात आणि तिथे येऊन अडतात.

मित्रांनो, तुम्हीही कधी काही मोजाल. ते कुठलं, कधीचं, कशाचं, हे त्याच दिवशी लिहा आणि सर्वांना सापडेल अशा जागी ठेवा. नुसत्या आकड्यांना तोंड नसतं हो. त्या शाळेतल्या मुलांना मी काहीच सांगू शकले नाही.