एल्बोची आतली बाजू

...आणि बाहेरून तर पाइपच्या वळणावरचा तो एल्बो नवाच दिसत होता. राखाडी, गुळगुळीत, बोट फिरवलं तर थंड. चाचणीवाल्यानं तो मधोमध उभा चिरून दोन्ही अर्धी टेबलावर उताणी ठेवली होती, आणि दिव्याखाली आतल्या वळणावर बारीक काळे ठिपके दिसत होते – कुणी टाचणीनं टोचून ठेवल्यासारखे. इंजिनिअरनं सुई घेतली आणि एका ठिपक्यात घातली. सुई आत गेली. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच आत गेली.

सुई धरून तो तसाच बसून राहिला. पूर्वी असं काही दिसलं की त्याला तहानभूक सुचत नसे. खुर्ची मागे सारून तो अख्ख्या मजल्याला बोलावून आणी. आज त्याला एवढंच वाटलं की आता बोलावं लागणार. कुणाकुणाला सांगावं लागणार, समजावावं लागणार, आणि समोरचा ऐकून घेतल्यासारखं करून घड्याळाकडे बघणार... सुई बाहेर काढून त्यानं ती डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं, आणि मग झाकण लागलंय की नाही ते उगाचच पुन्हा बघितलं.

समुद्रात एक प्लॅटफॉर्म उभा राहत होता. त्याच्या माथ्यावर हेलिकॉप्टर उतरायचा डेक, वजन वाचावं म्हणून ॲल्युमिनियमचा. आणि डेकवर आग लागली तर समुद्राचं पाणी उडवणारी पाइपलाइनही ॲल्युमिनियमचीच. पाइप येऊन पडले होते. राहिले होते ते जोड – एल्बो, टी, फ्लँज. ते कुठल्या मिश्रधातूचे घ्यायचे हे ठरवून आज ऑफिस सुटायच्या आत सही द्यायची होती, आणि ती सही त्याची होती. बाकी सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की नेहमीचं 'पाच हजारी' घ्यायचं. मिश्रधातूंना आकड्यांनी ओळखतात, आणि खाऱ्या पाण्यात टिकणारे बरेचसे पाचानं सुरू होतात, म्हणून हे नाव. चिरलेला एल्बो त्यातलाच होता. बायको हसायची या नावाला. 'आज तुमचे ते पाच हजारी सरदार काय म्हणतात?' असं विचारायची, आणि कुणाशी त्याची ओळख करून द्यायची वेळ आली तर सरळ सांगायची, 'हे समुद्रातले प्लंबर.' त्याला तेव्हा राग यायचा... नाही, राग नाही. कानकोंडं व्हायला व्हायचं. आता कुणी म्हणत नाही.

"बघितलंत का गंजोबा?" चाचणीवाला दारात उभा राहून हात पुसत होता. ऑफिसात इंजिनिअरचं हेच नाव होतं, तोंडावरही.

"ॲल्युमिनियमला गंज चढत नाही रे. गंज लोखंडाला. याला खड्डे पडतात."

"मग नाव बदलू या का? खड्डोबा?"

तो हसला. हसायला हवं हे कळून हसला.

"पाण्यात तांबं निघालं," चाचणीवाला टेबलाशी येत म्हणाला. "नवीन पंप ब्राँझचा बसवलाय ना पंपवाल्यांनी तिकडे, त्याचं. म्हणून मी चाचणीच्या लाइनवर तसलाच पंप लावला. तर हे असं."

तसं सगळं नियमानं केलेलं होतं. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, नाहीतर त्यातला एक दुसऱ्याला खातो – या धंद्यात आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. म्हणून फ्लँजमध्ये रबराचं गॅस्केट, बोल्टला प्लॅस्टिकची नळी, नटाखाली प्लॅस्टिकचं वॉशर. पंप आणि ॲल्युमिनियम यांच्यात बोटभर अंतर राखलेलं. पण पाण्याला कोण अडवणार? ते पंपातून जाताना कणभर तांबं उचलतं, पुढे नेतं, आणि जिथं वळावं लागतं, थांबावं लागतं, तिथं ठेवून देतं. आगीची लाइन, चाचणीपुरतं पाणी फिरवायचं आणि सोडून द्यायचं. एरवी ते एल्बोत नुसतं उभं. एवढं सगळं झाकून, बांधून, वेगळं ठेवून... आणि आलं ते मधल्या वाटेनंच.

"जोडीचा बघायचाय?" चाचणीवाल्यानं खण उघडला. चाचणीला लावलेल्या प्रत्येक तुकड्याचा एक जुळा इथं कोरडा ठेवलेला असे. त्याच धातूचा, त्याच दिवशी कापलेला. एकाला खारं पाणी, एकाला खण, आणि शेवटी दोन्ही शेजारी ठेवायचे. म्हणजे काय केल्यानं काय झालं, हे कुणाला सांगावं लागत नाही.

त्यानं तो जुळा हातात घेतला. आतून स्वच्छ होता.

माणसाचं असं करता येत नाही, हा विचार त्याला आला आणि तो त्याला नको होता. तो विचार तो घरी येऊ देत नसे. घरी त्यासाठी टीव्ही होता, इस्त्री होती, आधीच स्वच्छ असलेला ओटा होता. इथं काही नव्हतं. तिलाही दोन वाटा होत्या. डॉक्टरांनी दोन्ही सांगितल्या होत्या, टेबलावर दोन बोटं ठेवून – ऑपरेशन, नाहीतर औषधं आणि घर. त्यानं घर निवडलं होतं. ती घरीच गेली, स्वतःच्या पलंगावर, खिडकी उघडी ठेवून. लोक म्हणाले, सुटली, त्रास नाही झाला. फक्त मेहुणा एकदा म्हणाला, 'ऑपरेशन केलं असतं तर...' आणि बहिणीच्या फोटोकडे बघून गप्प बसला. ते अर्धं वाक्य अजून घरात होतं. जिचं ऑपरेशन झालं अशी दुसरी ती कुठल्याच खणात नव्हती, शेजारी ठेवून बघायला. असती तर निदान कळलं असतं... चांगलं किंवा वाईट, पण कळलं असतं.

"ठेवू का परत?" चाचणीवाल्यानं हात पुढे केला.

"हं? हो. ठेव."

दुपारी लेकीचा फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"हो."

"काय जेवलात?"

त्याला आठवेना. डबा तर रिकामा होता. "जेवण," तो म्हणाला.

"बाबा!" ती हसली, आणि मग तिचं हसू थांबलं ते त्याला फोनवरही कळलं. "बरं ऐका. शनिवारी येऊ की रविवारी?"

"तुला जमेल तेव्हा ये."

"मला दोन्ही दिवस जमतंय. तुम्ही सांगा."

"तू बघ ना."

"सगळं माझ्यावर नका ढकलू हो. साधं तर विचारतेय – कधी आलेली आवडेल?"

शनिवार. रविवार. दोन्ही दिवस त्याच्यासमोर सारखेच उभे राहिले. कुठल्याचा चेहरा वेगळा दिसेना. शनिवारी आली तर रविवार रिकामा, रविवारी आली तर शनिवार. आणि शनिवार म्हणावं आणि तिला येताना वाटेत काही व्हावं... हे काय भलतंच! एवढ्यात कुणीतरी दार वाजवलं आणि तो म्हणाला, "ऑफिसात आहे मी. करतो फोन." फोन ठेवल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटल्याची लाज वाटली.

दारात खरेदी खात्याच्या बाई होत्या. चष्मा डोक्यावर, हातात सहीचा कागद. या बाई हळू बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"काय हो, आमच्या सहीचं काय?"

"अजून नाही."

"अजून नाही म्हणजे? एल्बो घ्यायचाय, जावई नाही. सकाळपासून तिसरी फेरी माझी. साहेब तिकडे माझ्या डोक्यावर बसलेत."

बाईंनी कागद त्याच्यापुढे ठेवला आणि त्यावर पेनही ठेवलं, टोपण काढून. साधं काम होतं. पेन उचलायचं. कुणी काही म्हणालं नसतं. नियमात होतं ते सगळं झालेलं होतं, पंप त्याच्या खात्याचा नव्हता, आणि चिरलेला एल्बो दोघांशिवाय कुणी बघितलेला नव्हता. सही केली की बाई जातील, साहेब खूश होतील, तो वेळेवर घरी जाईल. नाही म्हटलं तर पंपवाल्यांशी वाद, साहेबांशी वाद, बोटीनं तिकडे जाणं, शिडी चढणं, पुन्हा सगळं पहिल्यापासून... त्याचे खांदे आत्ताच दुखायला लागले. पुढे कधीतरी डेकवर आग लागेल, माणसं नळी धरून उभी राहतील, आणि पाणी यायच्या जागी एल्बोतून फवारे उडतील. लागेल कदाचित. कदाचित कधीच नाही लागणार. थकलेल्या माणसाला 'कदाचित' फार बरं वाटतं.

त्याचा हात पेनापर्यंत गेला. मग त्याच हातानं त्यानं एल्बोचं अर्धं उचलून बाईंच्या समोर धरलं. हे आपण ठरवून केलं असं त्याला वाटलं नाही.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "अगं बाई. हे आतून असं?"

"हो."

"आणि बाहेरून काहीच नाही!"

"काहीच नाही."

"किती वर्षं टिकेल?"

"सांगता येत नाही. दोन... तीन. एखादा वर्षानुवर्षं नीट चालेल, एखादा..." त्यानं सांगितलं, जमेल तितकं साधं करून. पंपाचं, पाण्याचं. पंप बदलायला लावता येईल. नाहीतर पंपाच्या पुढे जाड ॲल्युमिनियमचा एक तुकडा घालायचा, तांबं त्यावर बसू द्यायचं, त्यालाच खाऊ द्यायचं आणि दर वर्षी तो काढून नवा घालायचा. पण मग दर वर्षी कुणीतरी आठवणीनं तो उघडला पाहिजे. सांगता सांगता त्याचाच आवाज त्याला कंटाळवाणा वाटू लागला.

बाईंनी एल्बो जपून खाली ठेवला. "मला बाई यातलं काय कळतंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही ठरवा. तुम्हाला यातलं कळतं."

"मीच का?"

आवाज एवढा मोठा आला की पलीकडच्या खोलीत चाचणीवाल्याच्या हातातलं काहीतरी वाजलं.

"दर वेळी मीच का ठरवायचं? मला कळतं, मला कळतं – काय कळतं मला? सगळं स्वतः ठरवायचं, पडद्यापासून पोरीच्या शाळेपर्यंत, आणि नेमकी ही एक गोष्ट माझ्या गळ्यात... भिंतीकडे बघत म्हणे तुम्ही ठरवा..."

तो थांबला. ऑफिसात पडद्यांचं आणि शाळेचं काय काम, हे त्याला उशिरा कळलं. कपाळावर घाम आला होता.

बाई जागच्या हलल्या नाहीत. "ओरडून झालं?" त्या म्हणाल्या, त्यांच्या मानानं हळूच म्हणाल्या.

"माफ करा. तुम्हाला नाही म्हणालो."

"ते कळलं मला." त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, पेनाला टोपण लावलं. "आता हे सांगा, साहेबांना काय सांगू? आधी मलाच धरणार ते."

"सांगा, सही नाही म्हणाला. या पंपाच्या पुढे हे एल्बो बसणार नाहीत. कारण मी सांगतो म्हणावं, वर येऊन."

"भांडण होईल."

"होईल."

"पंपवाले तर पिसाळतील."

"पिसाळू देत."

बाईंनी एकदा त्याच्याकडे नीट बघितलं, कागद उचलला आणि गेल्या. जिन्यावरून त्यांचा आवाज आला, कुणाला तरी सांगत होत्या, आज गंजोबांच्या वाटेला जाऊ नका.

तो बसून राहिला. वर जायचं होतं, बोलावणं येईलच. राग उतरेल म्हणून तो वाट बघत होता, आणि राग उतरत नव्हता. खरं तर तो आत्ता कुठे येत होता, पोटातून, सावकाश. तू का नाही ठरवलंस? तुझं अंग होतं. तुला हवं होतं काय, ते एकदा तरी सांगायचंस... मला म्हणालीस तुम्हाला कळतं. मला नळातलं कळतं गं. भिंतीकडे बघत होतीस, माझ्याकडे बघितलं असतंस तर मी विचारलं तरी असतं. नाही विचारलं मी. तू बघितलंच नाहीस.

मेलेल्या माणसावर असं चिडू नये, हे त्याला माहीत होतं. आता शरम वाटेल म्हणून तो थांबला. नाही वाटली. हात गरम झाले होते, कानशिलं गरम झाली होती, आणि कुणीतरी समोर असल्यासारखी त्याची मान वर झाली होती. तिची आठवण आली की आतापर्यंत पलंग यायचा, खिडकी यायची, चादरीवरचा तो बारीक झालेला हात यायचा. आत्ता पलंग नव्हता. ती दारात उभी होती, धडधाकट, पदर खोचून, कमरेवर हात ठेवून, आणि भांडायला तिचंही तोंड उघडलेलं होतं. त्याचं एक वाक्य संपायची ती वाट बघत होती. संपवायची त्याला घाई नव्हती.