मनगटातली गाठ

"डोळे मिटा आणि कुठे लावतेय ते सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. कापसाचा बोळा सुनीतीच्या उजव्या हाताच्या बोटांवरून फिरू लागला.

"तर्जनी... मधलं बोट... आता अंगठा."

"पैकीच्या पैकी." बाईंनी रिपोर्ट उघडला. "नसेच्या आवरणाची गाठ होती. हातात अशी क्वचितच होते. साधी आहे, कॅन्सर नाही. नसेला धक्का न लागता अलगद सोलून निघाली."

सुनीती 'बरं' म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा 'बरं' म्हणाली. मग चष्मा काढून ओढणीने पुसत बसली.

शेजारच्या खुर्चीत कादंबरी होती. सुनीतीच्या नवऱ्याची, दत्तप्रसादची, पहिल्या बायकोपासूनची अकरा वर्षांची मुलगी. तो हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला, म्हणून सुनीती तिला शाळेतून परस्पर इथे घेऊन आली होती. लग्नाला दीड वर्ष झालं, तरी मुलगी तिला 'मावशी' म्हणायची आणि कामापुरतंच बोलायची.

"त्या गाठीला हात लागला की काय व्हायचं?" कादंबरीने डॉक्टरांना विचारलं.

"करंट बसल्यासारखं व्हायचं. कोणी नुसतं मनगट धरलं, तरी माणूस हात झटकणारच."

कादंबरी सुनीतीकडे वळली. "शाळेच्या गेटपाशी... तेव्हापण?"

कुठलं गेट, ते सुनीतीला आधी कळेना. मग आठवलं. लग्नानंतरचा पहिलाच महिना. शनिवार पेठेतल्या शाळेसमोर रस्ता ओलांडताना पोरीने तिचं मनगट धरलं होतं आणि तिने हात हिसडून घेतला होता. नव्या घरात आल्या आल्या दुखणं काय सांगायचं, म्हणून ती गप्प राहिली. तेव्हापासून कादंबरी दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी धरून दोन पावलं पुढे चालायची. आपण तिला नकोशा आहोत, असंच सुनीती समजून चालली होती.

"हो, तेव्हापण," ती म्हणाली. "फार कळ आली होती गं."

कादंबरीने तिची फाईल उचलली आणि दोघी उठल्या.

बाहेर बाकांवर पेशंट दाटीने बसले होते. तेवढ्यात सुनीतीचा फोन वाजला. दत्तप्रसादचा होता. तिने उचलायच्या आत कादंबरीने तो घेतला.

"बाबा, गाठच होती!" ती ओरडली. "खरंच, गाठच होती!"

बाकांवरची माणसं चमकून तिच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघू लागली. पलीकडून दत्तप्रसादचा घाबरा आवाज येत होता, "अगं, पण डॉक्टर काय म्हणाले? मावशीला दे बघू."

सुनीतीने फोन लगेच मागितला नाही.