लसणाची पाकळी

सत्त्याण्णवच्या थंडीत माझ्या मुलाने, सुदामने मलेशियाहून एका माणसाबरोबर अळंबीच्या कॅप्सूलची बाटली पाठवली. सोबत चिठ्ठी होती : ‘अण्णा, सर्दी झाली की रोज दोन घ्या. ताकद येते.’ मी साठीला टेकल्यावर साक्षरता वर्गात अक्षरं गिरवली. त्याआधी मुलाची पत्रं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचो. ही मी स्वतः वाचली, म्हणून तिच्यातला शब्द मोडवेना.

जानेवारीत सर्दी झाली. कुळगावच्या त्या दोन खोल्यांत मी शिंकायचो आणि मीच ऐकायचो. माझी बायको विठा असती तर कुरकुरत का होईना, काढा केला असता. बारवीच्या रानातली अळंबी शिजवताना ती पातेल्यात लसणाची पाकळी टाकायची. काळी पडली तर अळंबी विषारी समजून सगळी भाजी फेकायची. आमच्याकडे सगळ्या घरांत हीच रीत. मीही कॅप्सूल फोडून पूड उकळली, पाकळी टाकली. पांढरीच राहिली. मग रोज दोन गिळू लागलो.

चौथ्या दिवशी दात घासताना रक्त आलं, ते थांबेना. शेजारच्या बनूबाईने ओट्यावरून पाहिलं.

“भाऊजी, काय खाल्लंत?”

बाटली दाखवली.

“डॉक्टरला विचारलंत?”

“लसूण टाकून पाहिला की.”

“मग आता त्यालाच न्या दवाखान्यात! चला, चपला घाला.”

डॉक्टरांनी बाटली फिरवून वाचली. “लसणाला विष कळत नाही, अण्णा. आणि तुमची हृदयाची गोळी तर मुळीच कळत नाही. ती रक्त पातळ करते, ही अळंबीही करू शकते. कॅप्सूल आजपासून बंद. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही, आधी रक्त तपासू. सर्दीला वाफ घ्या, गरम पाणी प्या, पडून राहा. ती आपली आपण जाते.”

“मुलाने पाठवल्यात हो.”

“त्याला ही गोळी ठाऊक आहे?”

नव्हती. पावसाळ्यात छातीत दुखून मी अकरा दिवस दवाखान्यात होतो, तेही त्याला ठाऊक नव्हतं. उगाच परदेशात घोर नको म्हणून लपवलं होतं.

रविवारी कोंडाजीच्या दुकानात सुदामचा फोन आला.

“घेताय ना, अण्णा?”

हो म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण पुढच्या खेपेला त्याने दुसरी बाटली धाडली असती. मग सगळं सांगितलं.

“तुम्हाला लिहिता येतं ना आता?” एवढंच तो म्हणाला.

घरी येऊन वाफ घेतली. मग डॉक्टरांचा कागद समोर ठेवला आणि गोळीचं इंग्रजी नाव एकेक अक्षर बघून पत्रात उतरवलं. ती अक्षरं मला वाचता येत नाहीत. तीनदा चुकलं, चौथ्यांदा जमलं.