धाकटीचं उत्तर

थोरल्या पोराने स्वतःच्या हाताने जीव दिला, त्या दिवसापासून आमच्या हिने अंथरूण धरलं. तिचा एकच प्रश्न: देवाने त्याला जवळ घेतलं असेल का? चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं, तर त्यांनी डोळे मिटून प्रार्थनाच सुरू केली. मी म्हणायचो, "घेतलं गं, घेतलं." ती नुसतं "बरं" म्हणायची. वर टोमणा, "तुम्ही नळ जोडणारे, तुम्हाला काय कळतंय? धाकटी येऊ दे."

धाकटी म्हणजे आमची लेक. थोरल्याच्या मनाच्या आजारापायीच तिने एकदम दोन पदव्या धरल्या, एक मानसिक आरोग्याची, दुसरी ईश्वरविज्ञानाची. मी चिडवायचो, "एक ना धड, भाराभर चिंध्या." आता चिडवायचं तोंड राहिलं नाही. पोराला काय झालं होतं आणि देव त्याचं काय करणार, हे दोन्ही सांगणारी आपल्याच पोटची आहे, एवढ्यावर ही तग धरून होती.

सुट्टी लागली, धाकटी पुन्हा घरी आली. ही उठली, वेणी घातली, चहासुद्धा केला. माझ्या जिवात जीव आला. मग हिने लेकीचा हात धरला.

"तू दोन्ही शिकलीस. सांग, तो देवाजवळ आहे ना?"

धाकटी हळूच म्हणाली, "आई, तुला काय वाटतं?"

"मला वाटतं ते मला ठाऊक आहे. म्हणून तर तुला विचारलं." हिने लेकीचा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटीला स्वयंपाकघरात गाठलं. "एक हो म्हणायला जीभ रेटत नव्हती तुझी?"

"बाबा, एका वर्गात शिकवतात, उत्तर आपण द्यायचं नाही. दुसऱ्या वर्गात ढीगभर पुस्तकं वाचली, एकाचं दुसऱ्याला पटत नाही. मी रोज तेच विचारते. मला कोण सांगणार?" ती ओट्याला टेकून रडायला लागली.

मी इतके दिवस "घेतलं, घेतलं" म्हणत होतो, ते मला एकदाही खरं वाटलं नव्हतं.

शेवटी डोळे पुसून ती आत गेली. हिच्या उशाशी बसली. "आई, दादा देवाजवळ आहे. नक्की आहे."

"बरं," ही म्हणाली. मला म्हणायची ना, अगदी तसंच. "कपबश्या तेवढ्या विसळून ठेव."

त्यानंतर तिने कुणालाच काही विचारलं नाही.